कुलपात मोडलेली किल्ली

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचे संपादित रूप)



दोन महिन्यांपूर्वी गावाकडून माझ्या धाकट्या चुलतभावाचा फोन आला. आमचं गाव उजनी धरणाच्या काठावर, करमाळा तालुक्यात. इकडचं तिकडचं बोलणं झालं. धरण प्लसमध्ये आलं का, उसाला तोड कधी, केळीला काय भाव लागला. मग तो जरा थांबला आणि म्हणाला, "दादा, एक विचारायचं होतं. आईला विसरण्याच्या आजारावर डॉक्टरांनी पट्टी दिलीय. पाठीवर चिकटवायची, रोज एक. मी मोबाइलवर त्या औषधाची माहिती वाचली. ते शरीरातलं एक एन्झाइम बंद पाडतं म्हणे. आणि त्याच पानावर खाली लिहिलंय, की फवारणीची औषधंसुद्धा तेच एन्झाइम बंद पाडतात. आण्णांना ज्यानं मरणाच्या दारात नेलं, तेच आईला रोज चिकटवायचं का?"

मी रसायनशास्त्र शिकवतो. पण हा प्रश्न वर्गात मला कुणी विचारला नव्हता. त्याला फोनवर जे सांगितलं, तेच आज जरा सविस्तर तुमच्यापुढे मांडतो. कारण हा प्रश्न एकट्या आमच्या घराचा नाही. डोकेदुखीची गोळी, पित्ताची गोळी, हृदयविकारानंतर रोज घ्यायची लहान गोळी, आणि कोपऱ्यातल्या खोलीत ठेवलेला फवारणीचा डबा, या सगळ्यांचं काम करण्याचं तत्त्व एकच आहे. ते प्रत्येकाला ठाऊक असायला हवं.

आधी आण्णांची गोष्ट सांगतो. आण्णा म्हणजे माझे चुलते. साल १९९६. मी सुट्टीला घरी आलो होतो. आमची जुनी जमीन धरणाच्या पाण्याखाली गेलेली. १९८० साली धरण पूर्ण झालं आणि काठावर उरलेल्या तुकड्यात आण्णांनी मिरची लावली होती. त्या दिवशी सकाळपासून ते पाठीवर पंप घेऊन फवारत होते. पंपाचं झाकण गळकं होतं. हातमोजे नाहीत, तोंडाला फडकं नाही. पाठ दुपारपर्यंत ओलीचिंब झालेली. घाम की औषध, हे त्यांनाही कळलं नाही.

तिसऱ्या प्रहरी ते बांधावर बसले ते उठेचनात. तोंडातून लाळ, डोळ्यांतून पाणी, अंग घामानं निथळतंय. दंडाचे आणि मांडीचे स्नायू कातडीखाली किडे वळवळावेत तसे उडत होते. मी डोळ्यांत पाहिलं, तर बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या झालेल्या. श्वासाला घरघर लागली होती. कुणी म्हणालं मिठाचं पाणी पाजा, कुणी म्हणालं ऊन लागलं. शेवटी मासेमारी करणाऱ्या एकाच्या होडीत घालून आम्ही त्यांना पाणी ओलांडून इंदापूरच्या बाजूला नेलं. वळसा घालून रस्त्यानं जायचं तर फार वेळ गेला असता. पलीकडे जीप मिळाली. पहिल्या दवाखान्यात लागणारी इंजेक्शनं नव्हती. तिथून पुढे बारामतीला.

बारामतीच्या डॉक्टरांनी आधी काय केलं असेल? इंजेक्शन नंतर. आधी त्यांनी कात्री मागवून आण्णांच्या अंगातला सदरा कापून काढला आणि नर्सला साबणपाण्यानं पाठ धुवायला लावली. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. शेतातून निघाल्यापासून दवाखान्यात पोचेपर्यंत तो औषधात भिजलेला सदरा आम्ही त्यांच्या अंगावर तसाच ठेवला होता. होडीत ते गारठतील म्हणून वरून घोंगडी गुंडाळली होती. इतका सारा वेळ विष कातडीतून आत जात राहिलं होतं आणि आम्ही ते झाकून, जपून आत जाऊ देत होतो. मी तेव्हा रसायनशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकत होतो, श्रोतेहो. ही गोष्ट मी आजवर चारचौघांत सांगितली नव्हती.

आण्णा वाचले. अकरा दिवसांनी घरी आले. त्यांच्या शरीरात काय घडलं, ते आता समजून घेऊ.

आपल्या शरीरातली बहुतेक कामं विकरं करतात. विकर म्हणजेच एन्झाइम. हे एक प्रकारचं प्रथिन असतं आणि प्रत्येकाला नेमून दिलेलं काम असतं. भाकरीचा घास बराच वेळ चावला की गोड लागतो, कारण लाळेतलं विकर पिठातल्या स्टार्चची साखर करतं. विकराच्या अंगावर एक खाच असते. ज्या रेणूवर त्याला काम करायचं, तो त्या खाचेत नेमका बसतो. जर्मन शास्त्रज्ञ एमिल फिशर यांनी १८९४ साली याला कुलूप आणि किल्लीची उपमा दिली. सव्वाशे वर्षं झाली, शिकवायला आजही याहून सोपी उपमा मिळत नाही.

आता बरीच औषधं काय करतात? ती खोट्या किल्लीसारखी त्या खाचेत जाऊन बसतात. खोटी किल्ली आत आहे तोवर खरी आत जात नाही. थोड्या वेळानं ती निघून येते, रक्तातून वाहून जाते, आणि विकर पुन्हा कामाला लागतं. म्हणून अशी औषधं दिवसातून दोनदा, तीनदा घ्यावी लागतात.

पण काही रेणूंची तऱ्हा वेगळी. ते खाचेत बसतात आणि तिथल्या एखाद्या अणूशी पक्का रासायनिक बंध जोडतात. म्हणजे किल्ली कुलपात मोडली. आता ते कुलूप गेलं. शरीर नवं कुलूप बनवेल तेव्हाच पुढचं काम. आजचा विषय आहे तो अशा मोडणाऱ्या किल्ल्यांचा.

आण्णांच्या शरीरात हेच झालं होतं. आपल्या मज्जातंतूंनी स्नायूला हुकूम द्यायचा, तर टोकाशी ॲसिटिलकोलीन नावाचा एक रेणू सोडला जातो. स्नायू आखडतो. हुकूम पोचल्यावर तो रेणू तिथून लगेच नाहीसा व्हायला हवा, नाहीतर स्नायू आखडलेलाच राहील. ते सफाईचं काम ॲसिटिलकोलीनएस्टरेज नावाचं विकर करतं, आणि ते इतकं चपळ, की त्याचा एक रेणू सेकंदाला हजारो ॲसिटिलकोलीन मोडून टाकतो. विहिरीवरच्या मोटरीच्या स्टार्टरला जसं एक हिरवं आणि एक लाल बटण असतं, तसं हे लाल बटण आहे. ऑरगॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं या विकरात मोडून बसतात. लाल बटण निकामी. मोटर चालूच. लाळ, घाम, पाणी, स्नायूंचं उडणं, आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकून बंद पडणं, सगळं त्यातूनच येतं. किडीतही हेच विकर असतं. कीड मरते ती याच मार्गानं.

हे रेणू आले कुठून? १९३० च्या दशकात गेरहार्ड श्राडर नावाचा जर्मन रसायनतज्ज्ञ नवी कीटकनाशकं शोधत होता. १९३६ साली त्याच्या हाती जे लागलं, ते इतकं जहाल निघालं की लष्करानं ते ताब्यात घेतलं. तोच टाबून हा विषारी वायू. त्याचीच सौम्य भावंडं पुढे शेतात आली.

आता उताऱ्याकडे येऊ. आण्णांना आधी ॲट्रोपीन दिलं. पण ॲट्रोपीन मोडलेली किल्ली काढत नाही. ते फक्त ॲसिटिलकोलीनचा हुकूम ऐकणाऱ्या काही जागांचे कान बंद करतं. लाळ आटते, छाती मोकळी होते, नाडी सुधारते. स्नायूंच्या कमजोरीवर त्याचा उपयोग नाही. मोडलेली किल्ली उपसून काढणारं औषध दुसरं, त्याचं नाव प्रॅलिडॉक्झिम. डॉक्टरमंडळी त्याला पॅम म्हणतात. आणि याची जन्मकथा फार सुंदर आहे.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अर्विन विल्सन हे शास्त्रज्ञ या विकराचा अभ्यास करत होते. खाचेत कुठे ऋण विद्युतभाराचा प्रभाव आहे, बंध नेमका कुठे जुळतो, हे त्यांनी प्रयोगांवरून ताडलं. मग त्यांनी कागदावर विचार केला, की असा रेणू हवा ज्याचं एक टोक धनभारित असेल, म्हणजे खाचेत ते आपोआप ओढलं जाईल. आणि दुसरं टोक असं असेल, जे बरोबर त्या फॉस्फरसच्या बंधावर जाऊन पडेल आणि तो तोडेल. १९५५ साली तसा रेणू त्यांनी करून दाखवला. आधी कुलपाचा नकाशा काढायचा आणि मग त्याला साजेसा रेणू घडवायचा, या पद्धतीनं झालेल्या पहिल्या काही औषधांत याची गणना होते.

पण इथे घड्याळ लावलेलं असतं. विषाचा रेणू विकराला चिकटल्यावर काही काळानं त्याचा एक तुकडा गळून पडतो आणि उरलेला भाग असा घट्ट बसतो की पॅमलाही तो निघत नाही. काही कीटकनाशकांत निम्मी विकरं चारएक तासांत अशी कायमची गेलेली असतात, काहींत त्याला तीस तासांहून जास्त लागतात. म्हणून वेळ महत्त्वाची. एकदा ती गाडी चुकली, की नवं विकर तयार होईपर्यंत माणसाला जगवत ठेवायचं, एवढंच हातात उरतं.

याच बाबतीत आपल्या शेजारच्या बारामतीचं नाव जगभर गेलं, ते फार थोड्यांना माहीत आहे. गिरिराज हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी अशा विषबाधेच्या २०० रुग्णांवर एक पद्धतशीर चाचणी केली. सगळ्यांना सुरुवातीला २ ग्रॅम पॅम दिलं. नंतर १०० जणांना दर चार तासांनी १ ग्रॅम, आणि १०० जणांना सलग ठिबकत, तासाला १ ग्रॅम, असं ४८ तास. ठिबक सिंचन आणि पाटपाणी यातला फरक आपल्याकडे कुणाला समजावून सांगायला नको. पहिल्या गटात ८ जण दगावले, दुसऱ्यात १. कृत्रिम श्वासावर राहावं लागण्याचा काळही दहा दिवसांवरून पाच दिवसांवर आला. २००६ साली 'लॅन्सेट' या जगन्मान्य वैद्यकीय नियतकालिकात हा निबंध छापून आला. तालुक्याच्या गावातला दवाखाना, आणि आपल्याच आसपासच्या शेतांतून आलेले रुग्ण.

गोष्ट इथेच संपली असती तर बरं झालं असतं. पण २००९ मध्ये श्रीलंकेत झालेल्या चाचणीत पॅमचा फायदा दिसला नाही. तिथल्या रुग्णांच्या पोटात विष जास्त गेलेलं असावं, बारामतीत रुग्ण लवकर पोचले आणि अतिदक्षतेची सोय चांगली होती, अशी कारणं तज्ज्ञ देतात. वाद अजून मिटलेला नाही. एक मात्र दोन्हीकडून खरं ठरतं. औषध कितीही हुशारीनं घडवलेलं असो, माणूस वेळेत पोचला पाहिजे.

आता तुम्ही म्हणाल, किल्ली मोडणं म्हणजे विषच. मग औषधाचा काय संबंध? तर श्रोतेहो, तुमच्या घरातल्या औषधांच्या डब्यात अशा मोडणाऱ्या किल्ल्या आत्ता या क्षणी पडलेल्या आहेत.

ॲस्पिरिन घ्या. १८९९ पासून ते बाजारात आहे. ते काय करतं, हे १९७१ साली जॉन व्हेन या इंग्रज शास्त्रज्ञानं दाखवलं आणि त्याला १९८२ चं नोबेल पारितोषिक मिळालं. वेदना, सूज आणि रक्ताच्या गुठळ्या यांना चालना देणारं एक विकर आहे. ॲस्पिरिन आपल्याच रेणूचा एक लहान तुकडा त्या विकराच्या खाचेत कायमचा चिकटवून देतं. रक्तातल्या बिंबिका, म्हणजे प्लेटलेट्स, यांना केंद्रक नसल्यानं नवं विकर बनवता येत नाही. बिंबिका जगतात आठ ते दहा दिवस. तेवढे दिवस ती बिंबिका गुठळीच्या कामातून बाद. म्हणून हृदयरुग्णाला ७५ मिलिग्रॅमची इवलीशी गोळी दिवसातून एकदा पुरते. आणि म्हणूनच दात काढायच्या आदल्या दिवशी ती बंद करून काही साधत नाही. ती आपल्या मनानं कधीच बंद करू नये, हृदयाच्या डॉक्टरांना विचारावं.

पेनिसिलिन घ्या. पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला, देशातला पेनिसिलिनचा पहिला. त्या पिंपरीतून वाहणारी पवना मुळेला मिळते, मुळा-मुठा भीमेला, आणि ते पाणी अखेर आमच्या उजनीत येतं. जिवाणू आपल्याभोवती जी भिंत बांधतो, ती बांधणाऱ्या विकरात पेनिसिलिन मोडून बसतं. भिंत कच्ची राहते, जिवाणू फुटतो. माणसाच्या पेशीला अशी भिंतच नसते, म्हणून आपल्याला ते सोसतं. पुढे जिवाणूंनी पेनिसिलिन कापणारी कात्री तयार केली. मग शास्त्रज्ञांनी त्या कात्रीतच अडकून मोडणारा रेणू जोडीला दिला, क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल. मेडिकल दुकानात लोक जी सहाशे पंचवीसची गोळी मागतात, तिच्यातले ५०० मिलिग्रॅम अमॉक्सिसिलिन आणि १२५ हे. अर्धवट घेऊन सोडून दिलेली ही गोळी जिवाणूंना नवी कात्री शिकवते, म्हणून ती डॉक्टरांशिवाय घेऊ नये आणि सांगितलेले दिवस पुरे करावेत.

तिसरं, पित्ताच्या गोळ्या. ओमेप्रॅझोल १९८८ साली आलं, पँटोप्रॅझोल त्याचंच भावंड. जठराच्या पेशींत आम्ल उपसणारे पंप असतात. तेही एक विकरच. ही गोळी रक्तात असते तेव्हा निरुपद्रवी असते. आम्ल बनवणाऱ्या पेशीच्या कोनाड्यात पोचली, की त्या आम्लामुळेच तिचं रूप बदलतं आणि ती तिथल्या पंपाला जाऊन पक्की चिकटते. इतर ठिकाणी तेवढं आम्ल नाही, म्हणून इतर ठिकाणी ती फारशी जागी होत नाही. किती नेमकी योजना! पण चालू पंपालाच ती बंद पाडते, आणि पंप चालू होतात जेवताना. म्हणून ती जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यायची. जेवण झाल्यावर ढेकर आला की गोळी, ही आपली पद्धत बरोबर उलटी आहे. सगळे पंप एका वेळी चालू नसतात, त्यामुळे पुरा गुण यायला तीन-चार दिवस लागतात. आणि वर्षानुवर्षं स्वतःच्या मनानं ती घेत राहणंही बरं नाही.

ही तिन्ही औषधं आधी सापडली आणि ती विकरात मोडून बसतात हे नंतर कळलं. जाणूनबुजून असा रेणू घडवायला औषध कंपन्या बरीच वर्षं घाबरत होत्या. त्यालाही कारण होतं. पॅरासिटॅमॉल फार मोठ्या प्रमाणात पोटात गेलं तर त्यापासून यकृतात असा एक रेणू तयार होतो, जो दिसेल त्या प्रथिनाला चिकटतो आणि यकृत निकामी करतो, हे १९७३ च्या सुमारास स्पष्ट झालं. जो चिकटतो तो धोक्याचा, असा धडा सगळ्यांनी घेतला.

मग वाट कशी निघाली? आमच्याकडच्या मासेमारीचं उदाहरण देतो. उजनीत चिलापी, रोहू, कटला, मरळ असे किती मासे. गळ टाकणाऱ्याला विचारा, तो सांगेल की खरं काम आमिषाचं. ज्याला जे आवडतं ते लावायचं. मासा येऊन तोंड लावतो. मग गळ रुततो. गळ जर उगाच मोठा आणि चौफेर धारदार केला, तर तो शेवाळात अडकेल, जाळ्यात अडकेल, टाकणाऱ्याच्या बोटातही घुसेल. औषधाच्या रेणूतही असेच दोन भाग करायचे. एक आमिष, म्हणजे हव्या त्या खाचेतच नेमका बसणारा भाग. दुसरा गळ, म्हणजे बंध जोडणारा लहानसा गट. आणि हा गळ मुद्दाम बोथट ठेवायचा. इतका बोथट, की वाटेत कुणाशी घासला तरी रुतू नये, पण खाचेत बसून शेजारच्या अणूला अगदी खेटून राहिला की तेवढा रुतावा. शास्त्रज्ञ बहुधा प्रथिनातल्या सिस्टीन या घटकाला हेरतात. त्याच्यात गंधकाचा अणू असतो, तो बंध जोडायला चटकन तयार होतो, आणि फारच थोड्या विकरांच्या खाचेत तो मोक्याच्या जागी असतो.

या पद्धतीनं घडवलेलं इब्रुटिनिब २०१३ साली अमेरिकेत मान्य झालं, रक्ताच्या काही कर्करोगांवर. २०१५ साली ऑसिमर्टिनिब आलं, फुप्फुसाच्या एका प्रकारच्या कर्करोगावर. हा प्रकार कधी विडी न ओढलेल्या माणसांनाही होतो. २०२१ साली सोटोरासिब आलं, त्याचं गणित तर फारच नेमकं. केरास नावाच्या प्रथिनात एक विशिष्ट बिघाड झाला की त्या जागी सिस्टीन येतं. निरोगी प्रथिनात त्या जागी सिस्टीन नसतंच. म्हणजे गळ रुतायची जागा फक्त आजारी माशाला.

हेही अखेरचं उत्तर नव्हे. ऑसिमर्टिनिब घेणाऱ्या काही रुग्णांत कर्करोगाची पेशी नेमकं तेच सिस्टीन बदलून टाकते. गळाला रुतायला जागा उरत नाही आणि औषध लागू पडेनासं होतं. शोध पुढे चालूच आहे.

आता पुन्हा माझ्या चुलतभावाच्या प्रश्नाकडे. काकूंच्या पट्टीतलं औषध रिव्हास्टिग्मिन. तो म्हणाला ते खरं आहे. विकर तेच, खाच तीच, ज्या अणूला बंध जुळतो तो अणूसुद्धा तोच. विस्मृतीच्या आजारात मेंदूतलं ॲसिटिलकोलीन कमी पडतं. म्हणून त्याची सफाई करणारं विकर थोडं आवरलं, की आहे तेवढं ॲसिटिलकोलीन जास्त वेळ टिकतं. आजार बरा होत नाही, पण काहींना काही काळ जरा उजेड मिळतो. फरक असा, की आण्णांच्या विषाचा बंध आपण होऊन सुटण्याचं नाव घेत नव्हता. रिव्हास्टिग्मिनचा बंध दहा तासांच्या आसपास सुटतो आणि विकर पुन्हा मोकळं होतं. आणि पट्टीतून ते थेंबाथेंबानं जातं. दाराला कुलूप घालणं आणि दार भिंतीनं चिणून टाकणं, यात जो फरक, तोच इथे.

मी त्याला म्हणालो, "पट्टी चालू ठेव. पण मला सांग, ती लावतं कोण?"

"आण्णाच लावतात. रोज सकाळी अंघोळ झाली की."

"जुनी काढतात का?"

फोनवर शांतता. मग तो म्हणाला, "थांब, बघून येतो."

काकूंच्या पाठीवर दोन पट्ट्या होत्या. कालची तशीच, आणि आजची शेजारी. आण्णांना वाटत होतं, औषध आहे तर संपेपर्यंत राहू द्यावं. दोन दिवस काकूंना मळमळत होतं, घाम येत होता, तोंडात पाणी सुटत होतं. घरच्यांना वाटलं, पित्त झालं असेल. आधीच्या पट्टीवर दुसरी, तिच्यावर तिसरी असं होत गेलं असतं, तर काकूंची अवस्था १९९६ साली आण्णांची झाली होती तिकडेच सरकली असती. मी त्याला दोन्ही पट्ट्या लगेच काढायला, जागा पाण्यानं धुवायला आणि तिथूनच डॉक्टरांना फोन करायला सांगितलं. संध्याकाळपर्यंत काकू ठीक होत्या. डॉक्टरांनी सांगितल्यावर पट्टी पुन्हा सुरू झाली. आता भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज दोन खुणा होतात, जुनी काढली, नवी लावली.

श्रोतेहो, औषध आणि विष यांच्यामध्ये भिंत नसते. मात्रा, वेळ आणि जागा, एवढाच फरक असतो. म्हणून जाता जाता चार गोष्टी सांगतो. फवारणी करताना गळका पंप पाठीवर घेऊ नका. हातमोजे घाला, तोंड झाका, वाऱ्याच्या दिशेला पाठ करा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसं गेली, ते विसरायचं नाही. ज्याला आपण थिमेट म्हणत होतो ते फोरेट आणि डायक्लोरव्हॉस, ही दोन्ही ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंद झाली आहेत. जुना डबा कुठे पडला असेल, तर तो वापरू नका. नदीत किंवा विहिरीत तर मुळीच टाकू नका. आमचं सगळं धरण त्याच पाण्यावर जगतं.

आणि कुणाला फवारणीत त्रास झालाच, तर पहिलं काम अंगावरचे कपडे काढणं. दुसरं, साबणपाण्यानं अंग धुणं, केसांसकट. धुणाऱ्यानं हातात प्लॅस्टिकची पिशवी तरी घालावी. उलटी करवायला काही पाजू नये. १०८ ला फोन करावा, आणि औषधाचा डबा किंवा त्यावरची चिठ्ठी बरोबर न्यावी, म्हणजे कोणती किल्ली कुलपात मोडली आहे ते डॉक्टरांना लगेच कळेल.

आम्ही त्या दिवशी होडीत बसण्याआधी एक सदरा काढायला हवा होता. दोन मिनिटांचं काम होतं.